साठपर्यंत मोजणारे पंजूमामा

पंजूमामा माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. माणूस भेटला की ते आधी त्याच्या डोळ्यांतलं पांढरं बघतात. बुबुळाच्या कडेपासून भाताच्या शितापेक्षाही कमी अंतरावर त्यांची नजर जाऊन बसते, आणि तिथे काही दिसलं नाही तर त्यांचा त्या माणसातला रसच संपतो. लग्नाच्या पंगतीत त्यांनी एकदा नवऱ्या मुलाच्या बापाला हाताला धरून उजेडात नेलं होतं. "कोण शिवलं हें? एक टाका वरती पडलाय," असं ते भर मांडवात म्हणाले. त्या बापाने डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं व्याह्यांपासून लपवून ठेवलं होतं. जेवण संपेपर्यंत दोन्हीकडची मंडळी एकमेकांशी बोलत नव्हती, आणि पंजूमामा मात्र शांतपणे तिसऱ्यांदा रसम वाढून घेत होते.

त्यांचं खरं नाव पंचनदराव. तंजावूरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी जी थोडी घरं उरली आहेत, त्यांत समोरासमोरची दोन म्हणजे त्यांचं आणि माझ्या भावाचं. मी पुण्याच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला आणि निवृत्त होऊन इथे भावाकडे राहायला आले. लग्न केलं नाही, त्यामुळे कोणाचं ऐकून घ्यायची सवय लागली नाही. गल्लीत मला सगळे टीचर म्हणतात. पंजूमामा माझे कोणीच मामा नाहीत. वयानेही ते माझ्याएवढेच, पण त्यांना सगळं गाव मामा म्हणतं, म्हणून मीही म्हणते.

हे गृहस्थ गावातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थेटरमध्ये मदतनीस होते. डॉक्टर नव्हते, हे मुद्दाम सांगते, कारण त्यांचं बोलणं ऐकून तसा समज होतो. डोळ्याच्या आतला जेलीसारखा गर काढून पडदा पुन्हा बसवायचा झाला तर पांढऱ्या भागात तीन बारीक भोकं पाडतात. एकातून पाणी जातं, एकातून उजेड आणि एकातून हत्यार. काम संपलं की ती मिटावी लागतात. नाही मिटली तर डोळ्यातलं पाणी झिरपतं, डोळा मऊ पडतो, बाहेरचे जंतू आत शिरतात, आणि चांगलं झालेलं ऑपरेशन त्या टाचणीएवढ्या भोकापायी वाया जातं. एवढी माहिती कोणालाही पुरावी. पंजूमामांनी तिच्यावर अख्खा जन्म काढला.

नळी काढल्यावर भोकावर कापसाची काडी धरायची आणि मोजायचं, हे त्यांचं थेटरातलं काम. डॉक्टर वीस मोजून काडी उचलायला सांगत. मामा साठ मोजत. वर डॉक्टरांनाही काडी उचलू देत नसत. मोजण्याची रीतही त्यांचीच. तिसापर्यंत मराठीत, पुढे तमिळमध्ये, कारण तिसाच्या पुढचे मराठी आकडे त्यांना येत नाहीत. "अरुबदु," म्हणजे साठ, असं म्हटल्यावरच त्यांचा हात वर येई.

निवृत्त झाल्यावर काडी गेली आणि मोजणं तेवढं राहिलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण लावलं की त्यावर तळवा दाबून साठ. सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावलं की साठ. आमच्या वैनीने एकदा पाकीट चिकटवायला दिलं, तर हे अंगठा दाबून दारात उभे, आणि पोस्टमन बिचारा सायकलवर एक पाय टेकून वाट बघतोय. भिंतीत खिळा ठोकायचा तर तो तिरका. सरळ पाडलेलं भोक उघडं राहतं, तिरक्या भोकाचे ओठ आतल्या दाबाने आपोआप मिटतात, हा त्यांचा सिद्धांत. डोळ्याच्या बाबतीत तो खरा आहे, असं डॉक्टरही म्हणतात. भिंतीच्या बाबतीत त्याचा परिणाम इतकाच की त्यांच्या घरात आजवर एकही कॅलेंडर डिसेंबरपर्यंत टिकलेलं नाही.

हा सिद्धांत मला पटवायला ते एका सकाळी आमच्या स्वयंपाकघरात शिरले आणि दुधाच्या दोन पिशव्या ओट्यावर मांडल्या. पिशव्या आमच्याच. एकीत त्यांनी सुई सरळ खुपसली. दुधाची चिळकांडी उडाली ती थेट वैनीच्या नव्या साडीवर. दुसरीत सुई आडवी सरकवून मग उभी केली आणि काढली. तिथे एक थेंब आला आणि थांबला. "बघितलांत, टीचर? हें दार. आणि तें खिंडार," मामा म्हणाले. वैनी त्या दिवशी त्यांना जे काही म्हणाली ते तमिळमध्ये होतं, आणि त्याचं मराठी मी करणार नाही.

बरं, हा सगळा छळ गल्लीपुरता राहिला असता तर सोसता आला असता. पण हॉस्पिटलातून कोणाचं ऑपरेशन होऊन कोण घरी गेलं ही बातमी मामांना कुठून तरी कळायची आणि ते टाउन बस पकडून त्याच्या घरी जाऊन थडकायचे. कोणी बोलावलेलं नसे. तिरुवैयारूच्या एका नादस्वरम, म्हणजे इथली लांब सनई, वाजवणाऱ्याचं असंच ऑपरेशन झालं होतं. गाल फुगवून फुंकलं तर डोळ्यावर दाब येईल आणि भोकं उघडतील, म्हणून मामांनी तिथे जाऊन त्याच्या वाद्याच्या तोंडाची, फुंकायची पिपाणी काढून घेतली आणि खिशात घालून घरी आले. देवळात ऐन उत्सवात नुसताच ढोल वाजला. तो कलावंत दुसऱ्या दिवशी डोळ्याला पट्टी बांधून आमच्या गल्लीत आला आणि त्याने अर्धा तास मामांच्या सात पिढ्या काढल्या. मामा दारात उभे राहून त्याच्या दुसऱ्या डोळ्याची पापणी वर करायला बघत होते. पंधरा दिवसांनी त्यांनी पिपाणी परत दिली. ती धुऊन, उकळून, कापसात गुंडाळून दिली, त्यामुळे ती वाजेना, हा भाग वेगळा.

एवढं जगाला पुरून उरणारा माणूस, पण त्यांच्या घरात मात्र सगळा कडेकोट बंदोबस्त. त्यांच्या बायकोला, तुळजामामींना, गल्लीने फारसं पाहिलेलं नव्हतं. हळदीकुंकवाला येत नाहीत, देवळात येत नाहीत. खिडकीतून एक हात दिसे, भाजी घेण्यापुरता. त्या घमेंडखोर आहेत असं मी ठरवून टाकलं होतं. त्यातून दर शुक्रवारी त्यांच्या देवघरात एवढा थोरला दिवा जळे की त्याचा उजेड शनिवारी दुपारपर्यंत आमच्या ओटीवर यायचा. भक्तीचं प्रदर्शन, दुसरं काय, असं मी वैनीला म्हणायची.

आता माझं. माझा उजवा डोळा जन्मापासून नावाला आहे. त्याने उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. जे काही वाचलं, शिकवलं, नकाशे काढले ते एकट्या डाव्या डोळ्यावर. गेल्या वर्षी एका सकाळी वर्तमानपत्र वाचताना त्या डाव्या डोळ्यात बाजूने काळा पडदा सरकत आला. डोळ्याचा पडदा निसटला होता. दोन दिवसांत ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशन करणारी डॉक्टर तरुण, हुशार आणि कमी बोलणारी. नुसता डोळा बधिर केला होता, म्हणून मला शुद्धीवरच, डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आणलं, तर दारातून मामांचा आवाज. माझी विचारपूस नाही, काही नाही. "मॅडम, काडी किती वेळ धरली?"

"मामा, तिन्ही मिटली आहेत. गळत नाही. मी बघितलंय."

"टाका?"

"गरज नव्हती."

मामांचा आवाज पडला. "टीचरला एकच डोळा आहे, मॅडम. एक टाका घालायला काय झालं होतं?"

डॉक्टर हसली. मला मात्र संताप आला. कारण ती एक गोष्ट मी त्या दोन दिवसांत स्वतःपाशीही बोलले नव्हते, आणि हा माणूस ती कॉरिडॉरमध्ये मोठ्याने सांगत होता.

पडदा चिकटून राहावा म्हणून आत गॅसचा बुडबुडा भरला होता, त्यामुळे दहा दिवस पालथं पडून राहायचं. मी उशीवर कपाळ टेकून खाटेच्या कडेवरून जमिनीच्या अंधुक फरश्या मोजत असायची. रोज सकाळी त्या फरशीवर मामांची पावलं यायची. मला त्यांचे अंगठे पाठ झाले. "वर बघा. खाली बघा. नाकाकडे बघा. पाणी येतं? दुखतं? पापणी चिकटते?" टॉर्च विझे. "बेस." मग सूचना. डोळा चोळायचा नाही, वाकून बादली उचलायची नाही, आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. हे शेवटचं ते रोज दोनदा सांगत, जाताना दारातून एकदा आणि रस्त्यातून एकदा. अख्ख्या गल्लीला माझ्या न्हाण्याचा हिशेब ठाऊक झाला होता.

गुरुवारी ऑपरेशन झालं, त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारची गोष्ट. इथे शुक्रवारी बायका डोक्याला तेल लावून न्हातात. तेलाने अंगातली उष्णता उतरते आणि डोळे थंड होतात, हे इथे तान्ह्या मुलापासून सगळ्यांना माहीत असतं. त्याच्यावर कोणी वाद घालत नाही. आठ दिवस उशीत तोंड घालून माझं डोकं भट्टी झालं होतं, केसांच्या जटा झाल्या होत्या. वैनीने तिळाच्या तेलात जिरं आणि मिरीचे दाणे टाकून तेल कोमट केलं. तो वास आला आणि माझा अठ्ठावीस वर्षांचा शिक्षकपणा गळून पडला.

"डॉक्टरला काय कळतंय आपलं ऊन," वैनी म्हणाली. "तेलानं डोळा वेगी बरा होईल. मामा आत्ता येऊन गेले, आतां उद्यापर्यंत येत नाहींत."

खरं सांगते, वैनीचं तेल मला हवंच होतं, पण त्याहून जास्त मला मामांना चुकवायचं होतं. माझ्या डोळ्याचा मालक कोण, मी की हा समोरचा माणूस? मी न्हाले. शिकेकाईचा फेस डाव्या डोळ्यात गेला, चुरचुरलं, आणि मी मुठीने डोळा खसाखसा चोळला. कसलं सुख वाटलं म्हणून सांगू!

शनिवारी सकाळी डोळा लाल होता आणि ठणकत होता. जे अंधुक दिसत होतं तेही गढूळ झालं होतं. मी कोणालाच सांगितलं नाही. फरशीवर अंगठे आले. टॉर्च लागायच्या आधीच ते थांबले. केसांना शिकेकाईचा वास येत होता.

मामा ओरडतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ते ओरडले नाहीत. ते खाली फरशीवर बसले आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा दिसला. मग ते उठले, रस्त्यात जाऊन रिक्षासमोर उभे राहिले आणि आत बसलेल्या माणसाला खाली उतरवून मला बसवलं.

डॉक्टरने सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघितलं. तिन्हींतलं एक भोक चोळल्याने उघडलं होतं, पाणी झिरपत होतं आणि डोळा मऊ पडला होता. जंतू आत शिरल्याचं अजून दिसत नव्हतं. "अजून," असं तिने दोनदा म्हटलं. "आणखी एक-दोन दिवस घरी बसला असतात तर मी काही सांगू शकले नसते," म्हणाली. ताबडतोब थेटरात घेतलं. ज्या डोळ्यावर माझं सगळं होतं, तो मी एका न्हाण्यासाठी, आणि एका म्हाताऱ्याला खिजवण्यासाठी, पणाला लावला होता.

टाका घातल्यावर डॉक्टरने मोठ्याने काडी मागितली आणि भोकावर धरली. दाराबाहेरून आवाज आला, "एक. दोन. तीन." थेटरातल्या नर्सची पावलं दाराकडे वळली. डॉक्टरने तिला थांबवलं. वीस झाले, तिने काडी उचलली नाही. तीस झाले आणि बाहेरचा आवाज तमिळमध्ये गेला. "अरुबदु" ऐकल्यावर तिने हात काढला. डोळा वाचला. गॅस पुन्हा भरला, पुन्हा दहा दिवस पालथं पडणं आलं, नंतर बरेच दिवस औषधांचे थेंब चालले, पण वाचला.

मामा त्यानंतर आठवडा उलटला तरी आले नाहीत. मला वाटलं, रागावले. मी वैनीला म्हटलंही, बरं झालं, सुटले. पण रोज सकाळी मी फरशीकडे बघत होते.

नवव्या दिवशी दुपारी फरशीवर दुसरीच पावलं आली. जोडवी असलेली. तुळजामामी होत्या. समोरच्या घरातून आमच्या घरी यायला त्यांना बावीस पावलंही लागली नसतील, पण मी इथे आल्यापासून त्या पहिल्यांदा आल्या होत्या. मी मान वर केली. त्यांचा उजवा डोळा बारीक होऊन खोल गेला होता, पांढरा आणि कोरडा. त्या घमेंडखोर नव्हत्या. त्यांना लोकांनी तिकडे बघितलेलं नको होतं.

"त्यांना कांहीं बोलूं नका, टीचर," त्या म्हणाल्या. "ते येतील. आतां येववत नाहीं त्यांना, म्हणून मी आलें."

माझ्या पायाशी बसून त्यांनी सांगितलं. त्यांचंही हेच ऑपरेशन झालं होतं, याच गावात, बऱ्याच वर्षांपूर्वी. तेव्हा भोकं मोठी असत आणि टाके घालत. "डोकं तापलं म्हणून मी रडलें. शुक्रवार होता. तेल लावा, तेल लावा म्हणून हट्ट धरलें. ते थेटरांत काम करणारे, अस्की, सगळंच, ठाऊक होतं त्यांना. नको नको म्हणाले. मग माझं रडणं बघवेना. स्वतःच्या हातानं लावले. स्वतःच पाणी घातले." त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "चौथे दिवशीं पू झाला. डोळा गेला."

मामींनी पदर त्या डोळ्यावर ओढून घेतला.

"त्यानंतर माझ्या डोक्याला तेल लावले नाहींत. अजून. दर शुक्रवारी मी मागतें, दर शुक्रवारी ते तेल तापवतात. जिरं, मिरी, अस्की घालतात. वाटी घेऊन माझ्यापर्यंत येतात. मग तसेच परत जातात आणि देवापुढच्या दिव्यांत ओततात."

तो दिवा. मी ज्याला प्रदर्शन म्हणत होते तो दिवा. मला इतकी लाज वाटली की मामींचा हात धरायचंही धाडस झालं नाही.

मामा दुसऱ्या दिवशी आले. टॉर्च, वर, खाली, नाकाकडे. "बेस." पुढे सहा आठवड्यांनी डॉक्टरने मला तेल लावून न्हायची परवानगी दिली. ती खरी आहे का हे विचारायला मामा स्वतः हॉस्पिटलात जाऊन आले, आणि शुक्रवारी सकाळी आमच्या दारात उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "टीचर, आज न्हायला हरकत नाहीं."

"मी न्हाणार नाही," मी म्हटलं. "आधी मामी न्हातील. मग मी."

ते माझ्या डोळ्यांतल्या पांढऱ्याकडे बघत राहिले. मी त्यांना बाजूला सारून सरळ त्यांच्या घरात गेले. कोणाचं ऐकून घ्यायची सवय नसल्याचा आयुष्यात एवढाच उपयोग झाला. स्वयंपाकघरात तेल तापलेलं होतं, वाटीत मिरी फुगली होती. मामी पाटावर येऊन बसल्या आणि त्यांनी आंबाडा सोडला. मामा दाराची चौकट धरून उभे. मी वाटी त्यांच्यापुढे केली. त्यांनी हात पुढे केला, आणि वाटीला लागायच्या आधीच मागे घेतला.

"राहूं द्या," मामी म्हणाल्या. "टीचर लावतील."

मी मामींच्या टाळूवर तेल ओतलं आणि चोळायला लागले. मामा आत गेले आणि स्टीलचा डबा घेऊन आले. त्यातून त्यांनी कापसाचा स्वच्छ बोळा काढला, मामींसमोर उकिडवे बसले आणि तो बोळा त्यांच्या उजव्या डोळ्यावर ठेवून बोटाने हळूच दाबून धरला. त्या गेलेल्या डोळ्यावर.

"एक. दोन. तीन."

तेल कपाळावरून ओघळत आलं की ते दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने अडवायचे. मामींनी चांगला डोळा मिटला होता. एक जण चोळतंय, एक जण मोजतंय. तीस झाले. पुढे तमिळ सुरू झालं. मी शिकेकाई लावली, पाण्याचा पहिला तांब्या घातला. मामांचा सदरा भिजला. बोळा जागचा हलला नाही.

"अरुबदु," मामा म्हणाले. बोट मात्र तसंच राहिलं.

"साठ झाले हो," मामी हळूच म्हणाल्या.

"तूं न्हा," मामा म्हणाले, "मी मोजतों," आणि त्यांनी पुन्हा एकपासून सुरू केलं.